ढगाळ ओव्हिएदो : हिवाळ्यातल्या दोन दिवसांचा नेमका बेत

स्पेनला जाणारे आपले लोक बहुतेक वेळा माद्रिद, बार्सिलोना, सेव्हिया आणि ग्रानादा करून परततात. नोव्हेंबर ते मार्चमध्ये हाताशी दोन दिवस मोकळे असतील आणि ऊन मिळालंच पाहिजे असा हट्ट नसेल, तर उत्तरेला ओव्हिएदो गाठा. आस्तुरियास प्रांताची ही राजधानी, वस्ती सव्वादोन लाखांच्या आसपास, आणि जुनं शहर पायी फिरता येईल एवढंच. नवव्या शतकातलं आस्तुरियन राज्य इथून चालायचं. त्या काळच्या ज्या सहा वास्तू युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत, त्यांपैकी पाच ओव्हिएदोच्या हद्दीत उभ्या आहेत.

इथे येणाऱ्यांचा दिवस पावसामुळे सहसा वाया जात नाही. तो जातो बंद दारांमुळे. हिवाळ्यात डोंगरावरच्या वास्तू दुपारीच बंद होतात, संग्रहालयं सोमवारी उघडत नाहीत आणि दुपारी दोन ते पाच अर्धं शहर दार लावून जेवायला बसतं. म्हणून बेत दारं कधी उघडतात हे बघून आखायचा. आभाळ त्यात कसंही बसतं.

हवा कशी असते

कांताब्रियन समुद्रावरून येणारी ओली हवा दक्षिणेच्या डोंगररांगेवर अडते आणि अलीकडच्या बाजूला पाऊस सांडते. कोकणात सह्याद्री हेच काम चार महिन्यांत उरकतो, इथे ते वर्षभर थोडंथोडं चालू असतं. वर्षाचा एकूण पाऊस हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण ओल्या दिवसांची संख्या मोठी आणि नोव्हेंबर त्यात पुढे. जानेवारीत दुपारचं तापमान ११-१२ अंश, रात्री ४-५. शहरात बर्फ क्वचित पडतो. अंगाला जाणवतो तो ओलावा.

पाऊस बहुतेक वेळा बारीक भुरभुर असतो. स्थानिक लोक तिला ‘ओर्बायू’ म्हणतात. ती वरून पडण्यापेक्षा बाजूने अंगावर येते, म्हणून छत्री असूनही गुडघ्याखाली भिजायला होतं. सोबत काय न्यायचं ते यावरूनच ठरतं. मांडीपर्यंत येणारं, टोपी असलेलं जलरोधक जाकीट, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा एक थर, लवकर वाळणारी पँट आणि मोज्यांचे निदान तीन जोड. जीन्स भिजली की हॉटेलच्या खोलीत रात्रभरात वाळत नाही.

सगळ्यात जास्त विचार बुटांचा करा. जुन्या शहरातले रस्ते गुळगुळीत झालेल्या दगडी फरशांचे आहेत आणि ओले झाले की झिजलेल्या तळव्याचे बूट सरळ घसरतात. खोल खाचांचा रबरी तळवा हवा. बूट भिजलेच तर आतलं पॅड काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. रेडिएटरवर थेट ठेवू नका, चिकटवलेला तळवा सुटतो.

उजेडाचाही हिशेब करावा लागतो. स्पेनचं घड्याळ मध्य युरोपचं आहे आणि ओव्हिएदो बरंच पश्चिमेला, त्यामुळे डिसेंबरअखेरीस पावणेनऊनंतर उजाडतं आणि सहाच्या आत मावळतं. सकाळी आठला बाहेर पडून हाती काही लागत नाही. साडेनऊ ही खरी सुरुवात.

कोणते दिवस निवडायचे

बुधवारी संध्याकाळी पोहोचून गुरुवार-शुक्रवार राहणं सगळ्यात सोयीचं. गुरुवार ते शनिवारमधले कुठलेही सलग दोन दिवस चालतात. रविवार-सोमवार ही जोडी सगळ्यात वाईट. रविवारी दुकानं बंद, कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असल्याने पर्यटकांना वेळ तोकडा, सान हुलियान हे जुनं चर्च सहसा बंद. सोमवारी कला संग्रहालय बंद. पुरातत्त्व संग्रहालय तर सोमवारीही आणि मंगळवारीही बंद असतं. हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रक वेगळं असल्याने निघण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक ठिकाणाच्या अधिकृत पानावर वेळ बघून घ्या. इंटरनेटवर सापडणारे बरेच तक्ते उन्हाळ्याचे असतात.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ‘प्रिन्सेस ऑफ आस्तुरियास’ पुरस्कारांचा सोहळा काम्पोआमोर नाट्यगृहात होतो. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, तो टाळा. उलट १९ ऑक्टोबरला ‘देसार्मे’ असतो. त्या दिवशी शहरभर एकच ठरलेलं जेवण मिळतं: काबुली चणे, कॉड मासा आणि पालक, त्यामागून वजडी आणि शेवटी दूधभात. मांसाहारी असाल आणि तारीख जुळत असेल तर टेबल आधी राखून ठेवा.

पोहोचायचं कसं

माद्रिदच्या चामार्तीन स्थानकातून थेट गाडी घ्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये पाहारेस घाटाखालचा नवा मार्ग सुरू झाला. त्यात सुमारे २५ किलोमीटरचा एकच लांब बोगदा आहे. आता हा प्रवास साधारण सव्वातीन-साडेतीन तासांत होतो, बसला पाच तासांहून जास्त लागतात. लिओनच्या पठारावर कोरडं असतं आणि बोगद्यातून बाहेर पडता पडता हिरवे उतार नि ढग दिसतात, असं हिवाळ्यात नेहमी घडतं. तेवढ्यासाठी खिडकीची जागा घ्या. तिकीट जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. भारतीय कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार आधी सुरू करून ठेवा, नाहीतर पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीला तिकीट अडकतं. लांब पल्ल्याच्या गाड्यांना सामानाची तपासणी असते, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा.

विमानतळ शहराला लागून नाही, सुमारे ४५ किलोमीटरवर किनाऱ्याजवळ आहे. बस पाऊण तास घेते. पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तर हिवाळ्यात रेल्वेच बरी.

रेल्वे स्थानक उरिया या मुख्य रस्त्याच्या माथ्यावर आहे. तिथून सरळ उतरत गेलं की पंधरा मिनिटांत जुनं शहर. खोली उरिया रस्ता आणि कॅथेड्रल यांच्या मधल्या पट्ट्यात घ्या. गास्कोना किंवा मोन रस्त्यावरची खोली स्वस्त दिसली तरी शुक्रवार-शनिवारी टाळा. अरुंद दगडी गल्लीत रात्री उशिरापर्यंत आवाज घुमतो. अपार्टमेंट घेणार असाल तर खोली गरम ठेवणारी हीटिंगची व्यवस्था कितीपासून कितीपर्यंत चालू असते ते आधी विचारा. जुन्या इमारतींत ती अख्ख्या इमारतीची एकच असते आणि रात्री बंद होते.

पहिला दिवस, सकाळ : नारांको

हा भाग पहिल्या दिवशी सकाळीच उरका, मग पाऊस असो वा नसो. नारांको डोंगराच्या दक्षिण उतारावर, शहरापासून तीनेक किलोमीटरवर, दोन वास्तू एकमेकींपासून काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. हिवाळ्यात त्या दुपारी अडीचच्या सुमारास बंद होतात, रविवारी आणि सोमवारी आणखी लवकर, साडेबाराच्या आसपास. ‘सकाळी पाऊस आहे, दुपारी जाऊ’ म्हणणारा माणूस वर पोहोचतो तेव्हा दाराला कुलूप असतं.

वर जाताना टॅक्सी करा. चढ सतत आहे आणि ओल्या कपड्यांत घाम येऊन वर पोहोचलात की आतल्या थंडाव्यात हुडहुडी भरते. पहिल्या फेरीच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पोहोचा. आत मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, एका फेरीत मोजकेच लोक घेतात आणि माहिती बहुधा स्पॅनिशमध्ये असते. तिकिटासाठी थोडी रोकड जवळ ठेवा.

सान्ता मारिया देल नारांको मुळात चर्च नव्हतं. पहिला रामिरो इसवी सन ८४२ ते ८५० या काळात राज्यावर होता, त्याने बांधलेला हा राजवाड्याचा दिवाणखाना. पुढे शेजारच्या सान मिगेलचा मोठा भाग कोसळल्यावर त्याचा चर्च म्हणून वापर सुरू झाला. बाहेरच्या जिन्याने वरच्या मजल्यावर जा. लांबट दालन, वर दगडी कमानदार छत आणि दोन्ही टोकांना तीन-तीन कमानींचे उघडे सज्जे. ढगाळ दिवशी प्रकाश फक्त या दोन टोकांतून येतो आणि मधला भाग करडा राहतो. दंडगोल खांबांवर पिळलेल्या दोरखंडासारखी नक्षी आहे आणि भिंतीवर गोल पदकांत प्राणी कोरलेले आहेत. अशा उजेडात समोरून बघितलं तर हे कोरीवकाम सपाट वाटतं. भिंतीला जवळजवळ चिकटून तिरकं बघा, म्हणजे उठाव दिसतो. सज्ज्यात पाऊस आत येतो आणि फरशी निसरडी असते, फोटोसाठी मागे सरकताना जपून.

तिथून वर सान मिगेल दे लिल्यो. आज उभा आहे तो मूळ इमारतीचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणूनच ती इतकी उंच आणि आखूड वाटते. आत शिरताना दाराच्या दोन्ही बाजूंच्या दगडी चौकटीकडे बघायला विसरू नका. वर आणि खाली आसनावर बसलेला अधिकारी, मध्ये सिंह आणि हातांवर उलटा उभा राहिलेला कसरतपटू, असं रोमन सर्कशीचं दृश्य तिथे कोरलेलं आहे. चर्चच्या दारावर सर्कस का, याचं उत्तर असं की कारागिरांसमोर रोमन अधिकाऱ्यांच्या हस्तिदंती पट्टिकेचा नमुना होता. खिडक्यांच्या जाळ्याही बघा, अख्ख्या दगडी फळीतून कोरलेल्या.

डोंगराच्या माथ्यावर येशूचा मोठा पुतळा आहे. ढग उतरलेले असतील तर तिथे जाऊ नका, पुतळाही दिसत नाही आणि शहरही नाही. परत येताना पायी उतरा. पाऊण तास लागतो. रस्ता चांगला आहे, पण कडेला ओला पालापाचोळा साचलेला असतो. त्यावर पाय न ठेवता मधून चाला.

दुपार आणि संध्याकाळ

जेवण दीड ते साडेतीन या वेळात करा. कामाच्या दिवशी ‘मेनू देल दिया’ म्हणजे ठरलेलं दुपारचं जेवण मिळतं, दोन पदार्थ, गोड, पाव आणि पेय धरून साधारण १४ ते १८ युरोत. साडेतीननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि ते रात्री साडेआठपर्यंत उघडत नाही. मधल्या वेळेत भूक लागली तर बारमधला तोर्तिया, म्हणजे बटाटा-अंड्याचा जाडसर वडीसारखा तुकडा, हाच आधार.

चार-साडेचारला कॅथेड्रल. तिकीट घेताना ‘कामारा सान्ता’ धरून आहे याची खात्री करा, खरा ऐवज तिथे आहे. ही दुमजली छोटी कोठडी. १९३४ च्या उठावात स्फोटाने ती उद्ध्वस्त झाली आणि नंतर मूळ दगड वापरून पुन्हा उभी केली. वरच्या मजल्यावर बाराव्या शतकातले बारा प्रेषित दोन-दोनच्या जोडीने खांबांवर कोरलेत, प्रत्येक जोडी बोलत असल्यासारखी. जाळीमागे दोन सोन्याचे क्रूस आहेत. ८०८ सालचा ‘देवदूतांचा क्रूस’ शहराचं चिन्ह आहे, आणि ९०८ सालचा ‘विजयाचा क्रूस’ आस्तुरियासच्या ध्वजावर आहे. येशूच्या चेहऱ्यावर टाकलेलं वस्त्र म्हणून जे पूजलं जातं ते इथेच आहे, पण ते वर्षातून तीनदाच लोकांना दाखवतात: गुड फ्रायडे, १४ सप्टेंबर आणि २१ सप्टेंबर. इतर दिवशी ते बघायला म्हणून येऊ नका.

सान्तियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या यात्रेचा सगळ्यात जुना मार्ग, कामिनो प्रिमितिवो, या कॅथेड्रलच्याच दारातून निघतो. दुसरा आल्फोन्सो राजा नवव्या शतकात इथून निघाला, असं मानतात.

अंधार पडल्यावर गास्कोना रस्त्याकडे निघा, वाटेत पाच मिनिटं फोंकालादा बघा. आजच्या रस्त्याच्या पातळीखाली राहिलेला नवव्या शतकातला हा सार्वजनिक पाण्याचा झरा, वर कोरलेला क्रूस. तिकीट नाही, दार नाही. दिव्यांच्या उजेडात आणि पावसात तो जास्त चांगला दिसतो.

सिद्रा कशी प्यायची

गास्कोना रस्ता म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाची, सिद्राची पेठ. आस्तुरियासची ही सिद्रा संस्कृती डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत आली. ७० सेंटिलिटरची हिरवी बाटली साधारण तीन-चार युरोला मिळते, मद्यार्क सहा टक्क्यांच्या आसपास.

बाटली तुम्ही ओतायची नाही. वाढपी ती डोक्यावर धरतो, दुसऱ्या हातात कमरेखाली तिरका पेला, आणि बारीक धार पेल्याच्या आतल्या कडेवर आपटवतो. धार आपटली की पेयातला वायू सुटतो आणि चव उघडते. ही फेसाळी काही सेकंदच टिकते. म्हणून पेल्यात दोन-तीन घोटच ओततात आणि ते लगेच, एका दमात संपवायचे. शेवटचा थेंबभर ठेवून ज्या कडेने प्यायलात त्याच कडेवरून खाली सांडा, कड धुतली जाते. त्यासाठी बादली किंवा पन्हळ असते, जुन्या ठिकाणी सरळ जमिनीवरच. पेला घेऊन गप्पा मारत बसलात तर हाती आंबट, मेलेलं पेय उरतं, आणि ‘सिद्रा आवडली नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तेच प्यालेले असतात. एका बाटलीत पाच-सहा वेळा ओतून होतं, दोघांत एक बाटली पुरते. जमीन ओली असते आणि शिंतोडे उडतात, पिशवी खाली ठेवू नका. दारू नको असेल तर ‘मोस्तो’, म्हणजे द्राक्षाचा रस मागा.

खाणं, विशेषतः शाकाहारी माणसाचं

फाबादा म्हणजे मोठ्या पांढऱ्या घेवड्याची दाट उसळ, पण तिच्यात डुकराचं मांस, चोरिथो आणि रक्ताचं सॉसेज असतं. मांस बाजूला काढून खाता येईल असं समजू नका, चरबी रसातच उतरलेली असते. खाणाऱ्यांनी ती दुपारीच घ्यावी. काचोपो म्हणजे वासराच्या मांसाच्या दोन थरांत हॅम आणि चीज भरून तळलेला तुकडा, एक दोघांना पुरतो, कधी तिघांनाही.

शाकाहारी माणसाने वाढप्याला सुरुवातीलाच सांगावं, ‘नो कोमो कार्ने नी पेस्कादो’, म्हणजे मांस खात नाही आणि मासेही नाही. नुसतं ‘कार्ने नाही’ म्हटलं तर हॅम येऊ शकतो, म्हणून ‘सिन हामोन’ जोडा. दोन सापळे नक्की लक्षात ठेवा. ‘सँडविच वेजेताल’मध्ये बहुधा ट्यूना मासा असतो, आणि ‘एन्सालादा मिक्स्ता’मध्येही. तिथे ‘सिन आतून’ म्हणा.

अंडं चालत असेल तर निभाव सहज लागतो. तोर्तिया, काब्रालेस चीजच्या सॉसमधले बटाटे, मक्याच्या पिठाचे तळलेले ‘तोर्तो’ आणि त्यावर चीज किंवा अंडं. निळ्या बुरशीचं काब्रालेस चीज उग्र असतं, पहिल्यांदा थोडंच घ्या. पारंपरिक चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, कडक पथ्य असेल तर ते वगळा. गोडात दूधभात, ‘आरोस कोन लेचे’, वर जाळलेल्या साखरेची कडक पापडी. तो हमखास घ्या. बदामाचं सारण भरलेला कार्बायोन आणि बदाम-चॉकलेटची पातळ मोस्कोविता ही इथली खास मिठाई. कार्बायोनमध्ये अंडं असतंच. डुकराची चरबी आहे का, हे ‘मान्तेका दे सेर्दो’ एवढं विचारून कळतं.

दुसरा दिवस

सकाळी दहाला सान हुलियान दे लोस प्रादोस. कॅथेड्रलपासून पायी पंधरा-वीस मिनिटं, महामार्ग शहरात शिरतो त्याच्या शेजारी. परिसर रुक्ष आहे म्हणून लोक जात नाहीत आणि शहरातली सगळ्यात दुर्मिळ गोष्ट हुकवतात. दुसऱ्या आल्फोन्सोच्या काळातलं हे चर्च आतून भिंतभर रंगवलेलं आहे. चित्रात माणूस एकही नाही. पडदे, महाल, खांबांच्या ओळी आणि मधोमध रत्नजडित क्रूस. आत फोटो काढू देत नाहीत आणि उजेड मंद असतो. पहिली पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावले की लाल आणि पिवळा रंग वर येतो. वेळ फक्त सकाळचा, तोही तोकडा.

परतताना एल फोंतान मंडई गाठा. १८८५ चं लोखंडी छत, आत चीज, घेवडा आणि मासळी. कोरडा घेवडा घरी न्यायचा तर इथून घ्या. बाहेरचा खांबांचा ओटा असलेला चौक भर पावसातही उभं राहण्याजोगा आहे. जवळच १६०८ मध्ये उघडलेल्या विद्यापीठाची जुनी इमारत आहे, तिचं अंगण बघून पुढे निघा.

दुपारचे मेलेले तीन तास पुरातत्त्व संग्रहालयात घालवा. बुधवार ते शुक्रवार ते मध्ये बंद होत नाही आणि प्रवेश विनामूल्य आहे. जुन्या सान व्हिसेन्ते मठात ते वसलंय, वेगा देल सिएगो इथलं रोमन मोझाइक आणि डोंगरावर पाहिलेल्या वास्तूंचे सुटे दगड इथे हाताच्या अंतरावर आहेत. नारांको आधी बघितल्याचा फायदा इथे कळतो. साडेचारनंतर ललित कला संग्रहालय, तेही विनामूल्य. तिथे एल ग्रेको या चित्रकाराची बारा प्रेषितांची पूर्ण मालिका आहे. सगळं बघायला जाऊ नका, त्या दालनाला अर्धा तास आणि सोरोया या चित्रकाराच्या चित्रांना पंधरा मिनिटं दिलीत तरी पुरे.

वेळ उरला किंवा कमी पडला तर

कोवादोंगाची डोंगरातली तळी आणि पिकोस दे युरोपा ही डोंगररांग या हवेत टाळा. ढगात तळं दिसत नाही आणि बर्फ पडला की रस्ता बंद होतो. तिसरा दिवस असेल तर लोकल रेल्वेने अर्ध्या तासात गिहोनला जा, खवळलेला समुद्र किनाऱ्यावरच्या फरसबंद वाटेवरून बघण्यासारखा असतो. पण हवामान खात्याचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर कठड्याजवळ जाऊ नका. दिवसभर धो-धो कोसळतच असेल तर एल एन्त्रेगोचं खाणकाम संग्रहालय बरं, तेही लोकलने गाठता येतं.

एकच दिवस मिळाला तर सकाळी नारांको, दुपारी पुरातत्त्व संग्रहालय, साडेचारला कामारा सान्ता, आठला गास्कोना. मंडई सोडून द्या. सान हुलियान आणि नारांको एकाच सकाळी बसवायचे असतील तर आधी सान हुलियान, आणि तिथून थेट टॅक्सीने वर.